साथ आणि आत्मघात

पुण्याहून साताऱ्यास जाणारा हमरस्ता नीरा ओलांडून ज्या गांवांत शिरतो तें शिरवळ इतिहासाच्या अभ्यासकास दोनतीन कारणांनीं परिचित असतें. गांवाजवळच्या डोंगरांत बौद्ध लेणीं आहेत. १६४८ च्या धामधुमींत नांवाजलेली सुभानमंगळाची गढी येथेंच होती. आणि ज्या नायगांवीं ३ जानेवारी १८३१ रोजीं सावित्रीबाई फुले जन्मल्या तेंही याच खंडाळा तालुक्यांत आहे. परंतु आज आम्ही वाचकांस शिरवळास नेत आहों तें त्याच्या वाटेवरच्या जागेमुळें. पुण्यामुंबईस कांहीं अरिष्ट आलें, म्हणजे त्याची वार्ता आणि त्यापासून पळणारीं माणसें हीं दोन्हीं याच वाटेनें साताऱ्याकडे येतात. प्लेगाच्या दिवसांत तीं आलीं, १९१८ च्या मानमोडींत आलीं आणि २०२० च्या टाळेबंदींतही आलीं.

साथींचा इतिहास लिहितांना आपण रोगानें किती मेले एवढेंच मोजतों. तें मोजणें अवश्यच आहे. पण प्रत्येक साथींत आणखी एक लहान, अबोल रांग चाललेली असते. रोगानें ज्यांना गांठलें नाहीं, परंतु भय, एकांत, कर्ज, उपासमार किंवा घरांतील छळ यांनीं पिचून ज्यांनीं आपल्याच हातानें जगणें संपविलें, अशा माणसांची ती रांग. तिचा इतिहास लिहितां येतो काय, आणि साथ आली कीं ती खरोखरच लांबते काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय उदास आहे हें आम्ही जाणतों. पण ज्या घरांतून हा लेख वाचला जाईल त्यांपैकीं, नात्यांत किंवा शेजारांत असें एखादें मरण ज्यांस माहीत नाहीं, अशीं घरें फार थोडीं असतील. ज्या गोष्टीविषयीं आपण घरांत आवाज खालीं करून बोलतों तिच्याविषयीं मासिकांत तरी मोकळेपणीं बोलावें, असें आम्हांस वाटतें.

सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपात ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सरकारनें साथीच्या रोगांचा कायदा केला. कायदा अवघा चार कलमांचा, पण त्या चार कलमांच्या बळावर पुण्यांत रँडसाहेबांची कमिटी घराघरांत शिरली. १० मार्च रोजीं, प्लेगाच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां, नायगांवची ती कन्या पुण्यांत त्याच रोगानें निवर्तली. २२ जून रोजीं रँडवर गोळी झाडली गेली. येथपर्यंतचा वृत्तान्त शाळकरी मुलांसही पाठ असतो. परंतु त्याच १८९७ सालीं, इकडे पुणेंकर शहराबाहेर झोपड्या घालून राहत असतां, तिकडे पॅरिसमध्यें एमिल दुर्खीम या चाळिशीच्या आंतील फ्रेंच प्राध्यापकाचा 'आत्महत्या' या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहीं संबंध नव्हता. तथापि एकीचें कोडें सोडविण्यास दुसरीचा उपयोग होतो.

दुर्खीमपूर्वीं आत्महत्येचा विचार धर्मशास्त्री पाप म्हणून, कायदेपंडित गुन्हा म्हणून आणि वैद्य वेड म्हणून करीत. दुर्खीमनें त्या तिघांसही बाजूस सारून एक साधा प्रश्न विचारला: जर हें सर्वस्वीं एकेका माणसाच्या मनाचें कृत्य असेल, तर एकेका देशांतील आत्महत्यांचें प्रमाण वर्षानुवर्षें जवळजवळ सारखें कां राहतें? त्याचें उत्तर असें कीं, माणूस ज्या समाजांत बांधलेला असतो त्याच्या बांधणीचा सैलपणा किंवा घट्टपणा या आंकड्यांत उमटतो. त्यानें युरोपांतील १८४८ च्या क्रांतींचे, १८६६ आणि १८७०-७१ च्या युद्धांचे आंकडे मांडून दाखविलें कीं, अशा वर्षीं आत्महत्या वाढण्याऐवजीं घटतात. सर्वांवर एकच संकट कोसळलें म्हणजे माणसें एकमेकांस धरून राहतात. उलट १८७३ सालीं व्हिएन्नांतील सराफकट्टा बुडाला तेव्हां त्या वाढल्या. पैशाचा व्यवहार मोडला म्हणजे जगण्याचे रोजचे आडाखेच मोडतात, आणि तें संकट प्रत्येक जण आपापल्या घरीं, एकटा भोगतो.

आतां साथ ही या दोहोंपैकीं कोणती? आमच्या मतें साथ ही युद्धही असते आणि दिवाळेंही असतें. मात्र दोन्हीं एकाच महिन्यांत येत नाहींत. हें सूत्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढील सव्वाशें वर्षांची हकीकत त्यावांचून उलगडणार नाहीं.

१८९७ च्या पुण्यास हें सूत्र लावून पाहण्याचा मोह कोणासही होईल. झोपड्यांतून एकत्र राहणारीं कुटुंबें, रँडच्या कमिटीविरुद्ध पेटलेला एकमुखी संताप, अशा वेळीं माणसाचा कोप स्वतःवर न उलटतां बाहेर जातो, असें म्हणणें आकर्षक आहे. पण अनुमान आकर्षक आहे म्हणून तें इतिहासांत घालूं नये. त्यास पुरावा हवा, आणि आत्महत्येचा पुरावा ही वस्तु फार चमत्कारिक आहे. १८६० च्या दंडसंहितेंतील ३०९ व्या कलमानें आत्महत्येचा प्रयत्न हा एक वर्षापर्यंत साध्या कैदेस पात्र असा गुन्हा ठरविला होता. जो वांचला तो आरोपी, जो मेला त्याचें घर बदनाम. अशा स्थितींत गांवचा पोलीस पाटील वर्दी देणार, फौजदार येऊन पंचनामा करणार, पंच म्हणून शेजारीपाजारीच बसणार, आणि घरच्यांस विचारणार कीं, हें कसें झालें? घरचे काय सांगतील हें सांगावयास नको. पाय घसरला, ताप डोक्यांत गेला, चुकून औषध प्यायला. साथीच्या दिवसांत तर तापाची सबब आयतीच हातीं असते. अशा रीतीनें 'आकस्मिक मृत्यु' या एका सदरांत किती निराळीं मरणें निजलीं आहेत हें त्या सदरावरून कळत नाहीं.

आपल्या इतिहासांत याचें एक ठळक उदाहरण आहे. ऑक्टोबर १७९५ मध्यें सवाई माधवराव पेशवे तापानें आजारी असतां शनिवारवाड्यांत पडले आणि दोन दिवसांनीं वारले. वय अवघें एकवीस. तो अपघात, तापांतील भ्रम, कीं मनाचा उद्वेग, यावर इतिहासकारांचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. ज्यांच्या एकेका दिवसाची नोंद दप्तरांत आहे त्या पेशव्यांच्या बाबतींत ही स्थिति, तर नीराकांठच्या एखाद्या कुणब्याच्या किंवा त्याच्या सुनेच्या मरणाचा निर्णय पंचनाम्याच्या चार ओळींवरून कोण करणार?

म्हणून साथ आणि आत्मघात यांच्या संबंधाचा पहिला मोजका अभ्यास आपल्याकडे न होतां अमेरिकेंत झाला, यांत नवल नाहीं. १९१८ च्या जूनमध्यें मुंबईस इन्फ्लुएन्झा आला, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेंत त्यानें कहर केला. पाऊस त्या वर्षीं बुडालेलाच होता. हिंदुस्थानांत या साथीनें निदान एक कोटीच्या वर माणसें गेलीं, आणि १९२१ च्या शिरगणतींत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वींपेक्षां कमी भरली. आपल्या शिरगणतींच्या इतिहासांत असें पुन्हां झालेलें नाहीं. एवढ्या ढिगाऱ्यांत आत्महत्या वेगळ्या काढून मोजण्याची कोणास शुद्ध होती? अमेरिकेंत मात्र नोंदी होत्या. १९१० ते १९२० या काळांतील त्या नोंदी तपासून आयरा वॉसरमन यांनीं १९९२ सालीं असा निष्कर्ष काढला कीं, महायुद्धानें तेथील आत्महत्यांवर विशेष परिणाम केला नाहीं. इन्फ्लुएन्झानें मात्र त्या वाढविल्या. कारण उघड आहे. युद्ध माणसांस एकत्र करतें, साथ त्यांस एकमेकांपासून दूर बसविते. नाटकगृहें बंद, देवळें बंद, भेटीगांठी बंद, आणि शेजाऱ्याच्या श्वासाचें भय.

२००३ सालीं हाँगकाँगमध्यें सार्स या रोगाची साथ आली, तेव्हां तर हें अधिकच स्पष्ट झालें. त्या वर्षीं तेथें पासष्ट वर्षांवरील वृद्धांच्या, विशेषतः वृद्ध स्त्रियांच्या, आत्महत्यांत वाढ झाली. त्यांना रोग झालेला नव्हता. रोग होईल, आणि झाला तर आपण मुलांवर ओझें होऊं, हें भय त्यांना होतें. आणि नेहमींच्या भेटी व दवाखान्याचीं जाणींयेणीं तुटल्यामुळें तें भय बोलून दाखविण्यास समोर कोणी नव्हतें. आमच्या घरांतील आजीबाईंचें 'मी आतां कशाला हवी?' हें वाक्य आपण हंसून सोडून देतों. हाँगकाँगचे आंकडे वाचल्यापासून आम्हीं तें हंसण्यावारीं नेण्याचें सोडलें आहे.

या पार्श्वभूमीवर २०२० सालीं करोनाची साथ जगभर पसरली, तेव्हां विद्वानांस धास्ती वाटणें स्वाभाविक होतें. त्या वर्षीच्या एप्रिलमध्येंच 'लॅन्सेट'च्या मानसोपचारविषयक नियतकालिकांत ब्रिस्टॉलचे डेव्हिड गनेल आणि त्यांचे अनेक देशांतील सहकारी यांनीं एक निवेदन प्रसिद्ध केलें. त्यांत वाढणारा धोका कोठून येईल हें सांगितलें होतें: पूर्वींचे मनोरोग, पैशाची ओढाताण, घरांतील मारहाण, दारू, एकलकोंडेपणा, आप्तांचे वियोग, आणि वृत्तपत्रांचा बेजबाबदारपणा. त्यांनीं आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. आंकड्यांची वाट पाहत न बसतां देशोदेशींच्या संशोधकांचें एक मंडळ उभारून नोंदी महिन्यामहिन्यास गोळा करण्यास आरंभ केला. इतिहासांत प्रथमच असें झालें कीं, साथ चालू असतांनाच तिच्या या सावलीचें मोजमाप होत होतें.

आणि पहिलें मोजमाप सर्वांच्या अपेक्षेविरुद्ध निघालें. २०२१ च्या एप्रिलमध्यें जेन पिर्किस यांच्या नेतृत्वाखालीं एकवीस देशांचे आंकडे प्रसिद्ध झाले; साथीच्या पहिल्या महिन्यांत, म्हणजे २०२० च्या जुलैअखेरपर्यंत, आत्महत्या एकंदरींत वाढल्या नव्हत्या, कांहीं ठिकाणीं तर घटल्या होत्या. ज्यांनीं आत्महत्यांची लाट येणार म्हणून मोठाले मथळे छापले होते ते गप्प बसले. दुर्खीमचे वाचक मात्र चकित झाले नाहींत. हा युद्धाचा अंक होता. दिवाळ्याचा अंक पुढें होता. जपानांत तो स्वच्छ दिसला. तेथें २०२० च्या फेब्रुवारी ते जून या पांच महिन्यांत आत्महत्या १४ टक्क्यांनीं घटल्या, आणि जुलै ते ऑक्टोबर या काळांत १६ टक्क्यांनीं वाढल्या. त्यांतही स्त्रियांमध्यें ३७ टक्क्यांनीं आणि मुलांमध्यें ४९ टक्क्यांनीं. संकट ओसरूं लागलें, सरकारी मदत आटली, शाळा पुन्हां उघडल्या, आणि ज्यांच्या पदरीं मुळांतच कांहीं नव्हतें त्यांना आपण मागें राहिलों हें तेव्हां उमगलें.

येथें एक गोष्ट नमूद केली पाहिजे. पिर्किस यांच्या त्या एकवीस देशांत सोळा श्रीमंत आणि पांच मध्यम सुस्थितींतले होते. आपला देश ज्या वर्गांत मोडतो त्या वर्गांतील एकही नव्हता. तेव्हां 'जगांत आत्महत्या वाढल्या नाहींत' हें विधान आपल्याकडे जसेंच्या तसें उचलून आणणें म्हणजे दुसऱ्याच्या कुंडलीवरून आपलें भविष्य वाचण्यासारखें होतें. राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाचे आंकडे पाहा. २०१७ सालीं देशांत १,२९,८८७ आत्महत्यांची नोंद झाली. २०१८ सालीं १,३४,५१६. २०१९ सालीं १,३९,१२३. म्हणजे वाढ दरसाल साडेतीन टक्क्यांच्या आसपास. २०२० सालीं आंकडा १,५३,०५२ वर गेला, वाढ एकदम दहा टक्के. २०२१ सालीं १,६४,०३३, वाढ सात टक्क्यांवर. २०२२ सालीं १,७०,९२४, वाढ चार टक्के. आणि २०२३ सालीं १,७१,४१८, म्हणजे वाढ जवळजवळ थांबलेली. महाराष्ट्रांत २०२० सालीं १९,९०९ आणि २०२१ सालीं २२,२०७ मृत्यु नोंदले गेले, आणि त्या वर्षीं हा आंकडा सर्व राज्यांत मोठा होता.

हे आंकडे पोलिसांचे आहेत, आणि पोलिसांचा आंकडा कसा जन्मतो हें वर सांगितलेंच आहे. २०१२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत घरोघरीं जाऊन मृत्यूचीं कारणें विचारलीं, तेव्हां २०१० सालच्या आत्महत्या सुमारें १,८७,००० भरल्या. पोलिसांच्या दप्तरीं त्या वर्षीं १,३४,५९९ होत्या. सव्वालाखाच्या वर माणसांत पन्नास हजारांचा फरक! तथापि दप्तर जरी अपुरें असलें तरी त्याचा अपुरेपणा एका वर्षांत फारसा बदलत नाहीं. म्हणून चढउतार पाहण्यास तें उपयोगी पडतें, आणि तो चढ २०२० मध्यें झाला हें नाकारतां येत नाहीं.

आतां शिरवळच्या रस्त्यावर परत येऊं. २५ मार्च २०२० रोजीं देशभर टाळेबंदी लागली. नीरा नदी ही येथें जिल्ह्याची सीमा. परवान्यावांचून जिल्हा ओलांडण्यास बंदी झाली, आणि ती सप्टेंबरच्या आरंभापर्यंत टिकली. अलीकडच्या काळांत शिरवळ-खंडाळा भागांत कारखाने निघाले आहेत. तेथील मजुरांत परप्रांतीय आहेत तसे आसपासच्या खेड्यांतले आहेत. दुसरीकडे सातारा जिल्ह्यांतील कितीतरी घरें पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या मनिऑर्डरीवर चाललीं आहेत. कारखाना बंद झाला तेव्हां परप्रांतीय उत्तरेकडे चालूं लागला, आणि मुंबईचा चाकरमानी गांवाकडे. तो घरीं पोंचला तों रोजगार गेलेला, आणि गांव त्याच्याकडे रोग घेऊन आलेला पाहुणा म्हणून बघणारें. जो काल घराचा आधार होता तो आज गांवाबाहेरच्या शाळेंत चौदा दिवस बसविलेला, हें दृश्य त्या वर्षीं अनेक खेड्यांनीं पाहिलें. त्यांत क्रूरपणा नव्हता, भय होतें. परंतु ज्याच्यावर तें गुदरलें त्यास हा भेद कसा कळावा?

राष्ट्रीय आंकड्यांत हाच माणूस 'रोजंदार मजूर' या नांवानें भेटतो. २०१९ सालीं अशा ३२,५६३ जणांनीं जीव दिला. २०२० सालीं ३७,६६६ जणांनीं. २०२१ सालीं ४२,००४ जणांनीं. त्या शेवटच्या वर्षीं देशांत आत्महत्या करणाऱ्या दर चार माणसांत एक रोजंदार होता. यावरून लगेच 'टाळेबंदीनें मजूर मारले' असें लिहिणारे लेखक आम्हीं पाहिले आहेत. आम्ही इतकें धीट विधान करणार नाहीं. रोजंदारांचा हा आंकडा साथीपूर्वींही चढताच होता. शिवाय काम सुटलेला पगारी नोकर हाच उद्यांचा रोजंदार होतो, त्यामुळें त्या वर्षांत रोजंदार किती होते हें कळल्यावांचून प्रमाण काढतां येत नाहीं, आणि २०२१ ची शिरगणती तर साथीमुळेंच पुढें ढकलली गेली. परंतु चढाचा वेग त्या दोन वर्षांत वाढला, आणि तो ज्यांच्या घरीं उद्यांचे दाणे आज विकत आणावे लागतात त्यांच्याकडे अधिक वाढला, एवढें म्हणण्यास आम्ही कचरत नाहीं.

वृत्तपत्रांविषयीं बोलणें आम्हां लेखणीवाल्यांस अवघड जातें, तरी बोललें पाहिजे. जून २०२० मध्यें मुंबईंत एका तरुण अभिनेत्याचा मृत्यु झाला, आणि घरांत कोंडलेल्या कोट्यवधि माणसांसमोर दूरचित्रवाणीवर महिनोन् महिने त्याच मरणाचें कीर्तन चाललें. त्याच्या आदल्याच वर्षीं, सप्टेंबर २०१९ मध्यें, भारतीय वृत्तपत्र परिषदेनें आत्महत्येची बातमी कशी द्यावी याचे नियम केले होते: ठळक मथळा नको, पुनःपुन्हां नको, रीतीचें व जागेचें वर्णन नको. हे नियम सोंवळेपणाचे नाहींत. व्हिएन्ना शहरांत १९८७ सालीं वृत्तपत्रांनीं अशा बातम्यांचा भडकपणा सोडला, आणि ज्या जागेचें वर्णन तीं करीत असत तेथील आत्महत्या झपाट्यानें कमी झाल्या. दुर्खीमनें अनुकरणाचें महत्त्व कमी लेखलें होतें. या एका बाबतींत काळानें त्याच्याविरुद्ध निकाल दिला आहे.

कायदाही हळूहळू वळला. १९८६ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें ३०९ वें कलम घटनाबाह्य ठरविलें. १९९४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तोच निकाल दिला आणि १९९६ मध्यें फिरविला. २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्यानें, जो २९ मे २०१८ पासून अंमलांत आला, असें ठरविलें कीं, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखालीं होता असेंच गृहीत धरावें, त्यास शिक्षा करूं नये, आणि त्याची काळजी घेणें हें सरकारचें कर्तव्य समजावें. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्यायसंहितेंत जुनें कलम उरलेलें नाहीं. सरकारी नोकरावर दडपण आणण्यासाठीं केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे. मात्र कायद्याची भीति गेली तरी लोकलज्जेची कायम आहे, आणि पंच अजून शेजारीपाजारीच असतात.

निवारणाच्या बाबतींत आम्हांस सर्वांत विश्वसनीय वाटतात ते अगदीं साधे प्रयोग. श्रीलंकेंत १९९५ आणि १९९८ सालीं शेतीचीं अतिविषारी औषधें बाजारांतून काढून टाकलीं. दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचें प्रमाण निम्म्यावर आलें. त्या क्षणाचा झटका बहुधा थोड्या वेळाचा असतो, तेवढ्यांत हाताशीं मरणाचें साधन नसलें तर माणूस वांचतो आणि पुढें बहुतेक जगतोच. नीराखोऱ्यांतील शेतकऱ्याच्या घरीं औषधांचें कपाट कुलुपांत असणें यालाही याच कारणानें मोल आहे. जागतिक आरोग्यसंघटनेनें चेन्नई, कोलंबो आदि पांच ठिकाणीं जो प्रयोग केला त्याची हकीकत २००८ सालीं प्रसिद्ध झाली. प्रयत्नांतून वांचलेल्या १८६७ माणसांपैकीं निम्म्यांना नेहमींचे उपचार दिले. उरलेल्यांशीं एकदां तासभर बोलून पुढें दीड वर्ष ठरावीक दिवसांनीं भेट किंवा दूरध्वनि, एवढेंच केलें. पहिल्या गटांत पुढें आत्महत्येनें २.२ टक्के गेले, दुसऱ्यांत ०.२ टक्के. आणि आपल्या अमरावती जिल्ह्यांतील तीस गांवांत 'विश्राम' या योजनेखालीं गांवांतलींच शिकविलेलीं माणसें घरोघरीं जाऊन उदास मनाची विचारपूस करूं लागलीं, तेव्हां आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचें प्रमाण दीड-दोन वर्षांत ५.२ टक्क्यांवरून २.५ वर आलें, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत दिसलें. साथीनें नेमकें बंद पाडलें होतें तें हेंच: कोणीतरी दारांत येऊन 'कसें काय?' असें विचारणें.

२१ नोव्हेंबर २०२२ रोजीं केंद्र सरकारनें आत्महत्यानिवारणाचें राष्ट्रीय धोरण जाहीर केलें आणि २०३० पर्यंत अशीं मरणें दहा टक्क्यांनीं कमी करण्याचें ठरविलें. त्याच्या महिनाभर आधीं, १० ऑक्टोबर रोजीं, 'टेलि-मानस' ही दूरध्वनिसेवा सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. सेवा विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालते, आणि तेथें मराठींत बोलतां येतें. कोणास हा क्रमांक कापून कपाटाच्या दारास चिकटवावयाचा असेल, तर आमच्या लेखाचें पान फाडल्याबद्दल आमची कांहीं तक्रार नाहीं.